भुईकाट्याच्या पोटातला पापुद्रा

ट्रकचे वजन कसे करतात, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. वाण्याकडे पावशेर शेंगदाणे घेताना काट्याकडे डोळे वटारून पाहणारे आपण, तीस टन लोखंड समोरून गडगडत गेले तरी ते कुणी मोजले, कशावर मोजले आणि त्या आकड्यावर दोन व्यापाऱ्यांनी विश्वास का ठेवला, याचा विचार करीत नाही. मीही केला नसता. पण प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड जुन्या पनवेलात, आणि तेथून रिक्षाने थोडक्या वेळात कळंबोलीचा लोखंडबाजार येतो. मुंबईतल्या दारूखान्याचा आणि कर्नाक बंदराकडचा पोलादाचा व्यापार खाडीपलीकडे हलवायचे ठरले, तेव्हा सिडकोने त्याच्यासाठी ही जागा वसवली. तिथे सळया, पत्रे, तुळया यांच्या राशींमधून चालताना दर थोड्या अंतरावर एक पाटी दिसते : ‘भुईकाटा’.

शब्द मोठा झकास आहे. काटा, पण भुईतला. जमिनीच्या पातळीला एक लांबलचक पोलादी पाट बसवलेला असतो. ट्रक त्यावर चढतो, क्षणभर थांबतो, खिडकीतल्या माणसापुढे तांबडे आकडे थरथरतात आणि स्थिर होतात, चिठ्ठी छापून बाहेर येते, ट्रक उतरून चालू लागतो. ना पारडे, ना दांडी, ना मापे. आधी रिकामी गाडी, मग भरलेली गाडी, वजाबाकी केली की मालाचे वजन. सगळा मामला दोन मिनिटांत आटोपतो आणि त्या चिठ्ठीवर लाखांचा हिशोब होतो.

पनवेलला वजनाचे वेड तसे जुने. इथले बंदर नांदते होते तेव्हा तांदूळ आणि मीठ होड्यांतून मुंबईला जाई. त्या काळी मण, शेर, पायली, खंडी असा कारभार होता, आणि गावोगावचा शेर वेगळा. १९५६ साली दशमान वजनांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात उतरला, आणि आमच्या घरातल्या थोरल्या बायका त्यानंतर कितीतरी वर्षे किलोचे मनातल्या मनात शेर करून भाव ठरवीत. पण शेर असो की किलो, तराजू डोळ्यांपुढे असे. दांडी कलली की कलली. तिथे वाद घालायला पदवी लागत नसे. भुईकाट्यात मात्र दांडीच नाहीशी झाली. ती गेली कुठे, हे शोधायला मी एका ओळखीच्या काटेवाल्याकडे गेलो.

माझे नशीब असे की त्या दिवशी त्याचा काटा दुरुस्तीला उघडला होता. पाटाच्या एका कोपऱ्याखालून मेकॅनिकने एक पोलादी ठोकळा बाहेर काढून बाकावर ठेवला होता. पाणी प्यायच्या तांब्यापेक्षा थोडा मोठा, चकचकीत, बाजूने एक जाड केबल निघालेली. याला म्हणतात लोड सेल. एका काट्याखाली असे चार, सहा किंवा आठ सेल असतात आणि सारा भार त्यांच्या डोक्यावर येतो.

“काका, याच्यावर वीस टन उभे करा, हूं की चूं करणार नाही,” मेकॅनिक म्हणाला.

“मग हा बिघडला कशाने?”

“उंदराने.”

उंदराने केबल कुरतडली होती! उंदीर हा भुईकाट्याचा मोठाच शत्रू आहे असे त्याच्याकडून कळले. वाहन गणपतीचे आणि हात ट्रकवाल्यांच्या पोटावर! असो. नव्या सेलवर झाकण ठोकून कायमचे बंद केलेले असते, पण त्याच्याजवळ एक जुना, कापून उघडलेला सेल होता. तो त्याने माझ्या हातात दिला. आत पोलादाचा एक भरीव खांब. आणि त्या खांबाच्या अंगाला चिकटवलेली नखाएवढी, पिवळसर, अर्धपारदर्शक चकती. भिंग लावून पाहिले तर चकतीच्या पोटात एक नागमोडी रेघ : वर, खाली, वर, खाली, चकलीच्या सोऱ्यातून सुटल्यासारखी एकसलग. ही रेघ म्हणजे धातूचा पापुद्रा. जाडी साधारण तीन ते पाच मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर केसाच्या पंधरा-वीस भागांतला एक भाग. तीस टनी ट्रकचे वजन सांगतो तो हा पापुद्रा. यालाच स्ट्रेन गेज म्हणतात, आणि दांडी गेली कुठे या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर समजायला थोडे मागे जावे लागते. तारेतून वीज जाताना तारेचा अडथळा होतो, त्याला रोध म्हणतात. तार लांब केली की रोध वाढतो, बारीक केली की वाढतो. आता एखादी तार धरून ताणली तर ती एकाच वेळी लांब होते आणि बारीकही होते. म्हणजे रोध दोन्ही बाजूंनी वाढायला हवा. १८५६ साली विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या शास्त्रज्ञाने, लोखंडाच्या आणि तांब्याच्या तारांना ओझे टांगून हे करून पाहिले. रोध वाढला. पण दोन्ही धातूंना सारखाच ताण देऊनही लोखंडाचा अधिक वाढला. नुसता लांबी-जाडीचा प्रश्न असता तर दोघांचा सारखाच वाढायला हवा होता. म्हणजे धातू ताणला की आतल्या अणूंची मांडणीही बदलते, आणि विजेच्या वाटेत तिचा स्वतंत्र हात असतो. टॉमसन यांनी ते लिहून ठेवले आणि पुढे ऐंशी वर्षे ते ज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटात जवळजवळ स्वस्थ पडून राहिले.

ते बाहेर काढले एका पाण्याच्या टाकीने. १९३८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत आर्थर रूज हे प्राध्यापक, भूकंपात उंचावरच्या पाण्याच्या टाक्यांचे काय होते ते पाहत होते. टाकीचे छोटे नमुने करून ते हलवायचे आणि पत्र्यावर किती ताण येतो ते मोजायचे. पण नमुन्याचा पत्रा इतका पातळ, की त्यावर कोणतेही मापनयंत्र बसवले तर यंत्राच्या वजनानेच त्याचे वागणे बदलायचे. रूज यांनी अतिशय बारीक तार घेतली, कागदाच्या कपट्यावर चिकटवली, आणि कपटा पत्र्यावर चिकटवला. पत्रा ताणला की तार ताणते, तार ताणली की रोध बदलतो. मौज अशी की त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, एडवर्ड सिमन्स यांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे काढली होती. पुढे बाजारात आलेल्या मालाला दोघांच्या आद्याक्षरांवरून ‘एस-आर-४’ असे नाव पडले. रूज यांच्या संस्थेने मात्र, कल्पना चांगली आहे पण व्यापाराच्या दृष्टीने तिला फारसे महत्त्व येईलसे दिसत नाही, असा अभिप्राय देऊन पेटंटाचा हक्क त्यांचा त्यांना देऊन टाकला. आज जगातले बहुतेक सगळे इलेक्ट्रॉनिक काटे, सोनाराच्या दुकानापासून भुईकाट्यापर्यंत, याच कल्पनेवर चालतात. विद्वानांच्या समित्यांविषयी मी अधिक काही लिहीत नाही.

तारेचा पापुद्रा झाला तो १९५२ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये. छापील सर्किटे करण्याची पद्धत तेव्हा नवी होती. तीच वापरून धातूच्या अतिपातळ पत्र्यावर नागमोडी नक्षी सोडायची आणि बाकीचा धातू रसायनाने खाऊन टाकायचा. गोल तारेपेक्षा सपाट पापुद्रा बरा, कारण तो अंगाला अंग लावून चिकटतो आणि आपली ऊब झटकन पोलादाला देतो. ऊब हा या व्यवहारातला खलनायक आहे. त्याच्याकडे आता येऊ.

थोडा हिशोब केल्याशिवाय या गोष्टीची खरी नजाकत कळायची नाही, तेव्हा वाचकांनी क्षणभर चकलीचे ताट बाजूला ठेवावे. पूर्ण भार आला की सेलमधला पोलादी खांब आपल्या लांबीच्या हजारात एक ते दीड भाग दबतो. खांब दहा सेंटिमीटरचा असेल तर दाबला जातो तो मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर थोडा अधिक. पोलाद इतके दबते, आणि भार काढला की पुन्हा जसेच्या तसे उभे राहते. साध्या पापुद्र्याच्या रोधात होणारा बदल या दबण्याच्या साधारण दुप्पट असतो. म्हणजे हजारात दोन. पट्टीचा रोध ३५० ओहम धरा : तीस टनांचा सारा पराक्रम त्या पट्टीच्या दृष्टीने सात-दशांश ओहमाचा.

आता उन्हाचे पाहा. पट्टी जर तांब्याची केली, तर तांब्याचा रोध एका अंशाच्या उष्णतेने हजारात सुमारे चार भागांनी वाढतो. म्हणजे अर्धा अंश ऊन चढले की पट्टीला वाटणार, पूर्ण भारलेला ट्रकच येऊन गेला! कळंबोलीत मे महिन्यात सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळात पाटाचे पोलाद किती तापते ते अनवाणी माणसाला विचारावे. असा काटा दिवसभर भुतांचे ट्रक मोजत बसला असता. म्हणून पापुद्रा करतात तो कॉन्स्टंटनचा. तांबे आणि निकेल यांचा हा मिश्रधातू, आणि याचा स्वभाव असा की उष्णतेने त्याचा रोध जवळजवळ बदलतच नाही. नावातच ते सांगून ठेवले आहे.

तरीही ‘जवळजवळ’ या शब्दावर व्यापार चालत नाही. म्हणून दुसरा उपाय, आणि मला स्वतःला या साऱ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत आवडते. खांबावर एक पट्टी लावीत नाहीत, निदान चार लावतात. दोन उभ्या, दोन आडव्या. भाराने खांब खाली दबतो तसा तो कमरेत किंचित फुगतो. उभ्या पट्ट्या आखडतात, त्यांचा रोध कमी होतो. आडव्या ताणल्या जातात, त्यांचा थोडा वाढतो. या चौघींना चौकोनात जोडायचे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून वीज सोडायची आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमधला फरक वाचायचा. याला व्हीटस्टनचा सेतू म्हणतात, जरी तो प्रथम १८३३ साली सॅम्युएल ख्रिस्टी यांनी सुचवला आणि व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी पुढे आणला. ऊन लागले तर चारही पट्ट्यांना सारखेच लागते, दोन्ही बाजू सारख्याच बदलतात आणि फरक शून्यच राहतो. भार आला की मात्र दोन एकीकडे झुकतात, दोन दुसरीकडे. आता सांगा, हा तराजू नाही तर काय? दोन पारडी आहेत, मध्ये काटा आहे, आणि सारखे ओझे दोन्हीकडे पडले तर काटा हलत नाही. दांडी कुठे गेली म्हणून मी शोधीत होतो ती नखाएवढ्या चकतीत जाऊन बसली होती.

या तराजूचा झोक केवढा? सेतूला दहा व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला बाहेर येतात सुमारे वीस मिलिव्होल्ट. साठ टनांचा काटा दहा-दहा किलोंची पायरी दाखवीत असेल तर त्याच्या सहा हजार पायऱ्या झाल्या. एका पायरीला आले तीन मायक्रोव्होल्टांच्या आसपास, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याचे साडेचार लाख तुकडे करा, त्यातला एक. दुरुस्ती झाल्यावर मी मुद्दाम पाटाच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलो. खिडकीतून आवाज आला, “साठ किलो, काका!” घरच्या काट्यावर मी एकसष्ट भरतो. पायरी दहाची असल्याने एक किलो सरकारजमा झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता एवढ्या नाजूक कारभारात पनवेलचा पाऊस शिरला तर? ३५० ओहमाच्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये ओलाव्याने एक चोरवाट झाली, आणि त्या वाटेचा रोध पावणेदोन लाख ओहम जरी असला, तरी त्या पट्टीला तेवढाच फरक पडतो जेवढा पूर्ण भाराने पडतो. काही कोटी ओहमांचीही चोरवाट काट्याला जाणवते. म्हणून सेलचे झाकण लेसरने जोडून हवाबंद करतात, आणि जिथे सगळ्या केबली एकत्र येतात त्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतात. जुलैत एखादा काटा रिकामा असतानाही तीस-चाळीस किलो दाखवीत रेंगाळू लागला की मेकॅनिक आधी ती पेटी उघडतो. पाट खड्ड्यात बसवलेला असेल तर खड्ड्यात पाणी आणि चिखल साचतो, पाटाचा तळ चिखलाला टेकतो, आणि ट्रकचा काही भार चिखलच परस्पर उचलतो. पापुद्रा बिचारा आपल्यापर्यंत जेवढे आले तेवढेच सांगणार!

चिकटवण्याचेही एक दुखणे आहे. पापुद्रा आणि पोलाद यांच्यामध्ये डिंकाचा थर असतो आणि कोणताही डिंक वर्षानुवर्षांच्या ताणाखाली किंचित सरकतो. यावर तोड म्हणून खराखुरा सूक्ष्म पापुद्रा निघाला. निर्वात भांड्यात धातूची वाफ करायची किंवा आयनांचा मारा करून त्याचे अणू उडवायचे, आणि ते थेट पोलादावर, मधल्या विद्युतरोधक थरावर, दव पडावे तसे बसू द्यायचे. डिंकाचे कामच नाही. असा पापुद्रा मायक्रॉनच्याही आतला असतो. इंजिनांतल्या तेलाचा, पंपातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणांत हे आता नित्याचे झाले आहे. आणि हा थर फारच पातळ ठेवला तर मोठी गंमत होते. अणू सलग न बसता बेटाबेटांनी बसतात. विजेला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडी मारावी लागते. किंचित ताण दिला की बेटे दूर सरतात, आणि उडीची अडचण अंतराच्या हिशोबाने न वाढता पटीपटीने वाढते. त्यामुळे साध्या पापुद्र्याहून हा कितीतरी अधिक हळवा. पण हळवा तसाच लहरीही. भुईकाट्यावर त्याला बसवण्याचे धाडस मी तरी करणार नाही. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा पातळ पटलांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे, जरी तिथला भर अधिक करून रसायनांच्या द्रावणातून पटल बसवण्यावर आणि सौरघटांसारख्या कामांवर राहिला.

१९५४ साली चार्ल्स स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेतल्या कामातून दाखवून दिले, की सिलिकन आणि जर्मेनियम यांचा रोध ताणाने धातूच्या पन्नास-पन्नास पटींनी बदलू शकतो. येथे लांबी-जाडीचा भाग नगण्य, सारा खेळ आतल्या रचनेचा. त्यातून सिलिकनचा पडदा निघाला. घरी रक्तदाब पाहायच्या विजेच्या यंत्रात तो असतो, आणि अनेक मोबाइल फोनांत हवेचा दाब मोजायलाही तो असतो. पनवेलहून पूर्वेला माथेरानचा डोंगर दिसतो, उंची सुमारे आठशे मीटर. धोदाणीच्या बाजूने चालत वर गेलात तर हवेचा दाब शेकडा नऊच्या आसपास उतरतो, आणि खिशातला तो पडदा त्यातल्या एकेका मजल्याची नोंद ठेवतो. दम मात्र आपणच मोजायचा असतो.

इथवर ताणाची गोष्ट झाली. सर्व बाजूंनी सारखेच दाबले तर काय होते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर अमेरिकेतल्या हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी आयुष्य वेचले. १९४६ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दलच मिळाले. चहूकडून दाबले की बहुतेक धातूंचा रोध कमी होतो. अणू जवळ येतात, त्यांची थरथर आवळली जाते आणि विजेला वाट सोपी होते. काही धातूंचा मात्र वाढतो. मँगनिन नावाच्या मिश्रधातूचा वाढतो, आणि तोही इतका सरळ हिशोबाने, की हजार वातावरणांच्या दाबाला सुमारे पाव टक्का. म्हणून प्रचंड दाब मोजायला मँगनिनची तार, आणि स्फोटातला क्षणिक दाब मोजायला मँगनिनचा पापुद्रा वापरतात. आमच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात याचा अभ्यास होत आला आहे. कै. राजगोपाल चिदंबरम यांचे नाव त्या विषयाशी जोडलेले आहे.

या जातीतला सर्वांत अद्भुत पदार्थ म्हणजे सॅमेरियम सल्फाइड. काळा, अर्धवाहक. याला सुमारे साडेसहा हजार वातावरणांइतका दाब दिला की एकाएकी, पायरी उतरल्यासारखा, त्याचा रोध कोसळतो, पदार्थ धातूसारखा वागू लागतो आणि रंग होतो सोनेरी! १९७० साली हे बेल प्रयोगशाळेत दाखवून देणाऱ्या मंडळींत ए. जयरामन आणि व्ही. नारायणमूर्ती असे दोन भारतीय शास्त्रज्ञ होते. त्याहून कौतुकाची गोष्ट अशी, की याच्या काळ्या पृष्ठाला नुसते घासले, तरी घासलेला थर सोनेरी होतो आणि तसाच राहतो. तापवला की पुन्हा काळा. आपल्या गोष्टींतला परीस लोखंडाला नुसता लागायचा. इथे परीसही नाही, नुसते घासणे. सोनाराने मात्र हुरळून जाऊ नये, ते सोने नव्हे.

आता पुन्हा कळंबोलीला येतो, कारण माझ्या मूळ प्रश्नाचा शेवट तिथेच आहे. एवढा सगळा पापुद्र्याचा प्रामाणिकपणा पाहिल्यावर मी मेकॅनिकला विचारले, “मग काटा मारतात तो कसा?” मराठी मुलखात ‘काटामारी’ हा शब्द ठाऊक नाही असा शेतकरी नसेल. ऊस कारखान्यावर गेला की पहिला संशय काट्याचा. बाहेरच्या काट्यावर एक वजन, कारखान्याच्या काट्यावर दुसरे, आणि मधल्या फरकावर आंदोलने. एका गाडीमागे दोन क्विंटल गेले तर ते कुणाच्या तरी मुलाच्या फीचे पैसे असतात.

मेकॅनिक म्हणाला, “काका, सेल खोटे बोलत नाही. सेलपासून आकड्यापर्यंत जी वायर जाते ना, खोटे तिथे शिरते.”

याहून नेमके उत्तर मला पुस्तकातही मिळाले नसते. पोलादाच्या दबण्याशी सौदा करता येत नाही. पापुद्रा तीन मायक्रोव्होल्टांचा फरक निमूटपणे पाठवून देतो. त्यानंतर मात्र तो फरक माणसांच्या हद्दीत येतो : केबल, जोडपेटी, आकडे दाखवणारे यंत्र, त्यात भरलेला हिशोब. देशात ठिकठिकाणी पकडलेल्या प्रकरणांत काय सापडले? जोडपेटीत किंवा यंत्रात दडवलेली एक छोटी चकती आणि कुणाच्या तरी खिशात तिचा रिमोट. बटण दाबले की वजन कमी किंवा जास्त. तराजूच्या काळी पारड्याखाली मेण लावीत, त्याचाच हा नवा अवतार. फरक एवढाच की मेण बोटाला लागत असे.

म्हणून २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार अशा काट्याची दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, आणि पडताळणीनंतर जोडपेटी व यंत्र मोहोरबंद होते. मला हा भाग रूज यांच्या शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि लोकांचे याच्याकडे सर्वांत कमी लक्ष असते. ट्रकवाले आकडा वाचतात, मोहोर कुणी वाचत नाही. त्या काटेवाल्याकडे प्रमाणपत्र भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी लावलेले होते, पण इतक्या उंच की ते वाचायला स्टूल लागावे. मी म्हटले, “जरा खाली लावा की.” तो हसला. “वाचतो कोण, काका?” पुढच्या खेपेस गेलो तेव्हा ते खिडकीशेजारी, डोळ्यांच्या पातळीला आले होते. एवढे बोलण्याचे फळ मिळाले म्हणून मी खूश.

आपला माल भुईकाट्यावर घालणाऱ्या वाचकांसाठी मेकॅनिकने सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी इथे देऊन ठेवतो. गाडी चढण्याआधी आकडा शून्यावर आहे ना ते स्वतः पाहावे, आणि गाडी उतरल्यावर तो शून्यावर परत येतो का तेही. गाडी पाटाच्या एका टोकाला, मग मध्ये, मग दुसऱ्या टोकाला उभी करून पाहावी. सगळे सेल सारखे जुळवलेले असतील तर वजन बदलत नाही, एखादा सेल बिघडला असेल तर लगेच बिंग फुटते. रिकामी आणि भरलेली गाडी शक्यतो एकाच काट्यावर, एकाच दिवशी घालावी. ड्रायव्हर एकदा गाडीत बसलेला आणि एकदा चहाच्या टपरीवर, असे करू नये. पावसाळ्यात ताडपत्री पिऊन बसलेल्या पाण्याचेही वजन होते, आणि भंगाराच्या ढिगात ते लोखंडाच्या भावाने विकले जाते, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

पडताळणीच्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. वीस-वीस किलोची लोखंडी मापे एका टेंपोतून उतरवली. हमालांनी ती एकेक करून पाटाच्या कोपऱ्यावर, पहिल्या सेलच्या वर रचली. अधिकाऱ्याने वहीत आकडा लिहिला. मग तीच मापे उचलून दुसऱ्या कोपऱ्यावर. मग तिसऱ्या. ऊन चांगलेच चढले होते, आणि हमालांच्या बनियनी भिजल्या होत्या. पाटाखाली चार-चार पट्ट्या आपापल्या सेतूत ते ऊन आपसांत फेडून टाकीत होत्या. चौथ्या कोपऱ्यावर आकडा एका पायरीने कमी आला. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले आणि म्हणाला, “जोडपेटी उघडा. हा कोपरा पुन्हा जुळवा.” हमाल सावलीत जाऊन बसले.